ऊन हात

वडगावच्या तानाबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पडून पडून पाठीला जखम होऊ नये म्हणून नजीरा सिस्टर त्यांना अधूनमधून कुशीवर वळवायची. हे तिला अम्मानंच शिकवलेलं. अम्माही याच दवाखान्यात सिस्टर होती. आधी तळहात चोळून ऊन करायचे, चादरीची सुरकुती काढायची, मग गुडघ्यांत उशी ठेवून तिचं टोक आत दुमडायचं. अम्माला जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्या दुपारी नजीरा आली, तर तानाबाई आधीच भिंतीकडं वळलेल्या. उशीचं टोक आत दुमडलेलं.

"मावशी, कुणी वळवलं?"

"तुमीच की सिस्टर. आत्ता हात चोळलासा न्हवं? लई ऊन हात हाय तुमचा."

नजीराचे हात नळाच्या पाण्यानं गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम वळवायला गेली नाही. दाराआड वाट बघत उभी राहिली. कुणी आलं नाही. तानाबाईंची पाठ तेवढी लाल झाली. स्वतःला शिव्या घालत नजीरानं त्यांना वळवलं, पाठीला स्पिरिट, पावडर लावली.

ड्युटी संपवून ती कळंब्याच्या खोलीवर आली. आतून कडी लावून कॉटवर उताणी पडली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा तोंड भिंतीकडं होतं. गुडघ्यांत उशी होती, टोक आत दुमडलेली. पाठीमागं कुणीतरी तळहात चोळत होतं.

आपलं आपल्याला वळता येतं हे त्या हातांना कळू नये, म्हणून नजीरा हललीच नाही.