सहा इंची कोबा

ड्रिल जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबलं नाही. गॅरेजचा सिमेंटचा कोबा पार करून ते खाली गेलं आणि वर आलं तेव्हा त्याच्या टोकाला काळी माती चिकटली होती.

दुरुस्तीसाठी जीप वर उचलणारी लिफ्ट बसवायला आलेल्या गिरिधरने भोकात खिळा घालून खोली पाहिली.

"तीन इंच," तो म्हणाला. "पाच तरी पाहिजे, साहेब. दीड टनाची जीप वर चढणार, अन् खाली ही माती. हे फोडा, नवीन भरा, महिनाभर पाणी मारा. मग बोलवा मले."

जितेंद्रने आधी घराच्या दरवाजाकडे पाहिलं. "हळू बोल," तो म्हणाला.

नागपूरजवळच्या बेसा भागातलं हे घर त्याच्या वडिलांचं, मनोहररावांचं. त्यांनी ते स्वतः उन्हात उभं राहून बांधलं होतं. गवंडी नुसते हाताखाली होते. गॅरेजचा कोबा सहा इंची आहे, हे ते आल्या-गेल्या पाहुण्याला टाच आपटून दाखवत. पाहुणे माना डोलवत. टाचेला तीन इंच आणि सहा इंच सारखेच लागतात.

बाबांना चूक दाखवायची या घरात पद्धत नव्हती. थोरल्या विक्रमने एकदा दाखवली होती. जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच झालीय, असं तो जेवताना सहज बोलून गेला. तो आता प्रताप नगरला भाड्याने राहतो. त्या पायरीला अजूनही सगळे अडखळतात, पण आवाज न करता.

"बोल्ट बसतील ना?" जितेंद्रने विचारलं.

"बसतीन. धरून ठेवतीन का, थे मी नाई सांगत."

"मग बसव."

गिरिधरने दोन्ही खांब उभे केले आणि चहाला न थांबता गेला. नागपुरात एवढ्यावरून माणसाला घाम फुटायला हवा.

जितेंद्रने बायकोला, काजलला, सांगितलं.

"बाबांना सांगा," ती म्हणाली.

"सांगतो न. खांडेनवमी होऊन जाऊ दे."

"मी सांगू का?"

"तू सून आहेस. बरं नाही दिसत."

बेत साधा होता. खांडेनवमीला अवजारांची पूजा, तेव्हा बाबांची जुनी जीप एकदा वर, एकदा खाली, नारळ बाहेरच्या दगडावर. त्यानंतर लिफ्टमध्ये काहीतरी बिघाड झालाय म्हणायचं आणि ती तशीच झाकून ठेवायची. कोणाचा अपमान नको, कोणाचा जीव नको.

खांडेनवमीच्या सकाळी खांबांना झेंडूच्या माळा चढल्या. जितेंद्रची आई वच्छलाबाई पूजेचं ताट धरून उभ्या राहिल्या. जितेंद्रने बटण दाबलं. जीप घरघरत वर गेली आणि डोक्याच्या वर जाऊन थांबली. डाव्या खांबाच्या बुडाशी पिठासारखी भुकटी उडाली. मग केसाएवढी एक रेघ, जी माळा चढवताना नव्हती, कोब्यावरून भिंतीकडे निघाली.

मनोहररावांनी ताटातून कुंकवाचा करंडा उचलला.

"इतके वर्षं बॉनेटले कुंकू लावलं," ते म्हणाले. "वझं तर खालच्या चेसिसनं वाह्यलं. तिले कोणी लावलं का? आज मी लावतो."

"बाबा, आता राहुकाळ आहे," जितेंद्र म्हणाला.

"तुले कवापासून राहुकाळ समजाले लागला?"

"ऑइल टपकते खालून. सदरा खराब होईल."

"कपड्याची मशीन काहून घेतली मंग? धुवाले न?"

"आई बोलावून राहिली तुम्हाला."

वच्छलाबाई बाजूलाच होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि ताटातली वात सारखी केली. मनोहररावांसोबत त्या सगळ्यांत जास्त वर्षं राहिल्या होत्या.

काजलने चार वर्षांच्या लेकीला, वेदिकाला, कडेवर घेतलं आणि ती गेटबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. पूजा सोडून सून बाहेर का गेली, हे कोणी विचारलं नाही. मनोहरराव मात्र ती गेटबाहेर जाईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि जीपखाली गेले.

जीप खाली घ्यायचं बटण जितेंद्रच्या अंगठ्याशी होतं. पण आता खाली बाबा होते.

डावा खांब कुरकुरला. माळेतलं एक फूल निसटून कोब्यावर पडलं.

"बाबा," जितेंद्र म्हणाला. पुढचं वाक्य तयार होतं. ड्रिलला माती लागली त्या दिवसापासून तयार होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बाबा, जरा इकडे पाहा. फोटो काढतो."

मनोहररावांनी तिकडे पाहिलं नाही. करंड्यात बोट बुडवून त्यांनी चेसिसला कुंकू लावलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग हात पुसला, पण बाहेर आले नाहीत. डाव्या खांबाला टेकून उभे राहिले.

"कोबा तीन इंचच आहे, हे मले टाकला त्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले. "तुले कवापासून माहीत आहे गा, जितू?"