बंद असताना कसा दिसतो

टीव्ही गेल्याचं मंगळवारी कळलं. सून त्याच्यावरची धूळ पुसत होती आणि सहज म्हणून तिने बटण दाबलं. काही झालं नाही. तिने वायर हलवून पाहिली, वरून दोन थापट्या दिल्या. टीव्ही ढिम्म.

"बाबा, हा कधीपासून बंद आहे?"

"झाले बरेच दिवस," म्हातारा खुर्चीतून म्हणाला.

"अहो, पण तुम्ही तर दुपारभर याच्यासमोर बसलेले असता."

"बसायला वीज कशाला लागते?"

सुनेने फडकं झटकलं आणि उरलेली धूळ पुसली. नवरा घरी आल्यावर मात्र तिने त्याला दाराशीच गाठलं. "आई गेल्यापासून बाबा बंद टीव्हीकडे बघत बसतात. आणि आपल्याला पत्ताच नाही."

आई असताना दुपारी दोघं याच खोलीत असायची. म्हातारा टीव्हीसमोर, म्हातारी त्याच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दाराला लागून ठेवलेल्या खुर्चीत. तिला खोकला होता, आणि तो वर्षानुवर्षं होता. डॉक्टरांना छातीत काही सापडलं नाही. सुनेने गोड औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या आणल्या, खोकला काही हटला नाही. औषध सांडून मुंग्या तेवढ्या झाल्या. त्या अजूनही होत्या, म्हाताऱ्याच्या खुर्चीखाली. "आईंच्या औषधाचा चिकटा काही निघत नाही," असं म्हणत सून रोज फरशी घासायची.

"नवा घेऊ, बाबा," मुलगा म्हणाला. "मोठा, पातळ, भिंतीवर लावायचा."

"आहे तो बरा आहे."

"तो मेलाय."

"मला काही त्रास नाही त्याचा."

तरी रविवारी त्याला दुकानात नेलंच.

दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच पोपट होता. टाय लावलेल्या सेल्समनने आधी काउंटरवरचा टॉफ्यांचा वाडगा पुढे केला.

"घ्या, काका."

"त्यांना नको. शुगर आहे," सून म्हणाली. वाडगा मागे गेला.

"हा बघा, काका. एकदम स्पष्ट. पोपटाचं एकेक पीस मोजून घ्या."

"बंद कर."

"आवाज?"

"टीव्ही."

सेल्समनने मुलाकडे पाहिलं. मुलाने छताकडे पाहिलं. टीव्ही बंद झाला. म्हातारा स्टूल ओढून समोर बसला, पाठ ताठ करून. त्याची सगळी हयात सलूनमध्ये गेली होती. गिऱ्हाइकांशी तो आरशातूनच बोलायचा.

"यात मागचं दिसत नाही," तो म्हणाला.

"तेच तर, काका, म्हणून महाग आहे. काचेत खिडकी दिसत नाही, दिवा दिसत नाही. मागे कोण आलं, कोण गेलं, काही दिसणार नाही."

"मग पैसे कसले द्यायचे?"

दुसरा झाला, तिसरा झाला. प्रत्येक वेळी पोपट गेला की म्हातारा मान हलवायचा. शेवटी सेल्समन त्यांना कोपऱ्यात घेऊन गेला.

"हा एक पडून आहे. पण कोणी घेत नाही. फार चकाकतो. लोक म्हणतात, बातम्या कमी आणि आपलंच तोंड जास्त दिसतं."

म्हाताऱ्याने स्टूल तिकडे नेलं. टीव्ही बंद झाला.

"डोळा कशाला मारतोस?" म्हातारा मागे न बघता म्हणाला.

मुलाकडे बघून डोळा मारणाऱ्या सेल्समनने टाय सरळ केला.

"आणि सूनबाई, तुझ्या पर्सची चेन उघडी आहे. हा घेऊ."

"बाबा, चित्र तरी बघा," मुलगा म्हणाला.

"असेल की चित्र."

"अहो, याच्यात उजेड पडला की काही दिसत नाही. पैसे मी देतोय ना? चांगला घेऊ."

"मग जुनाच राहू दे. मेला असला तरी मागचं दाखवतो."

"मागचं काय बघायचंय तुम्हाला एवढं?"

म्हातारा काळ्या काचेकडे बघत राहिला. "तुझी आई मागे बसायची," तो म्हणाला.

मुलाने खिशातून पाकीट काढलं. सुनेने तोंड फिरवलं आणि ती पर्समध्ये रुमाल शोधू लागली. सेल्समनने नाक ओढलं आणि भिंतीवर लावून द्यायचे पैसे आपणहून माफ केले. मग मुलगा त्याच्याबरोबर बिल करायला आत गेला. सून पाठमोरी उभी राहून डोळे पुसत होती. म्हातारा काउंटरपाशी एकटाच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी टीव्ही भिंतीवर लागला. मुलाने रिमोट समजावून सांगितला आणि तो कामावर गेला. सून स्वयंपाकघरात गेली. म्हाताऱ्याने बातम्या लावल्या, निवेदिकेपेक्षा आपलंच टक्कल जास्त दिसतं याची खात्री करून घेतली आणि टीव्ही बंद केला.

काचेत खोली आली. रिकामी खुर्ची आली, तिच्या बाजूचं दार आलं. म्हातारा बघत राहिला. जरा वेळाने दारात सून आली.

"बाबा, जेवायला वाढू?"

म्हाताऱ्याने नुसतीच मान हलवली. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. सुनेने काचेतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले आणि ती पाय न वाजवता आत गेली.

ती गेल्यावर म्हाताऱ्याने दातांना चिकटलेली टॉफी जिभेने सोडवून घेतली. काच चांगली होती, पण उशिरा सांगत होती, सून दारात आल्यावर. मागच्या खुर्चीतला खोकला सून ओट्यापासून हलली की लगेच यायचा, आणि तेवढ्यात चावून, गिळून, तोंड पुसून व्हायचं. त्याने खिसा चाचपला. दुकानातल्या वाडग्यातून सवयीने दोन उचलल्या होत्या. एक त्याची, एक खोकणारीची. दुसरी द्यायची राहिली होती.