झोपमोड

"बाळ झोपलंय ना?" मिस्त्रीनं विचारलं.

"आत्ताच डोळा लागलाय."

"गाढ?"

"गाढ कसलं, मिस्त्री! चार महिन्यांत हे कधी गाढ झोपलंय? शेजारच्यांच्या घरात चमचा पडला तरी उठतं."

"मग असंच पाहिजे मला." रस्ता अडवून ठेवलेलं शेवटचं पिंप मिस्त्रीनं कडेला गडगडवत नेलं आणि हात झटकले. "ढकला गाडी. जागं झालं, तर सांधा पुन्हा फोडीन."

बाबागाडीच्या दांड्यावरची तिची मूठ घट्ट झाली. पुन्हा फोडायचं म्हणजे पुन्हा दहा दिवस रस्ता बंद. आणि तिची रजा तर सोमवारी संपत होती. बाळाला सांभाळायला आई येणार होती. आई काही परगावी नव्हती, समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर होती, खिडकीतून खिडकी दिसायची. पण खुबा मोडल्यापासून तिच्या हातात वॉकर आणि मधे हा रस्ता. बाळाला तिकडे ठेवावं, तर तिकडे एकच खोली आणि तिच्यात रात्रपाळी करून आलेला भाऊ दिवसभर पांघरूण ओढून पडलेला.

इथून गाड्या अशा सुटायच्या की जणू मागे कुत्रं लागलंय. ती बाळाला कडेवर घ्यायची, मिटलेली बाबागाडी कोपरात अडकवायची, उरलेला हात उंच करायची आणि पळत सुटायची. पलीकडे पोचल्यावर छातीतली धडधड शांत होईपर्यंत आईच्या दारात नुसती उभी राहायची.

आता दोन्ही फूटपाथांच्या मधे, फूटपाथाच्याच उंचीचा रुंद पट्टा झाला होता. गाड्या यायच्या त्या दोन्ही अंगांना उतार. माणसानं रस्त्यात उतरायचंच नाही. गाडीनं वर चढून यायचं, आणि तेही बेतानं. नाहीतर चालवणाऱ्याचं डोकं टपाला.

नकाशात मात्र पट्टा फूटपाथाला मिळतो त्या सांध्यावर बोटभर पायरी होती, पाणी जायला. "बोटभर म्हणजे कितीशी ती!" असं मिस्त्री म्हणाला होता. तिनं बाबागाडी आणून त्या पायरीवरून नेली. धप्प. बाळानं सगळी गल्ली डोक्यावर घेतली. मिस्त्रीनं त्या दुपारी डबा अर्धाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी साहेबांशी हुज्जत घालून त्यानं पाण्याला जाळीतून वेगळी वाट काढून दिली आणि सांधा फोडून नव्यानं भरला.

"पाणसळीतला बुडबुडा बरोब्बर मधे येतोय," तो आता म्हणाला. "पण पाणसळीची कुठे झोप मोडते?"

तिनं गाडी ढकलली. पुढची चाकं गेली. मागची गेली. सांधा कधी मागे पडला ते तिला कळलंसुद्धा नाही. बाळाचे ओठ झोपेतच चुकचुक करत होते. मिस्त्री कमरेत वाकून बरोबरीनं चालत होता, आणि चाकांकडे न बघता बाळाच्या पापण्यांकडे बघत होता.

उजवीकडून बेकरीची पांढरी व्हॅन आली. ही व्हॅन तिला तीन वर्षं नुसत्या हॉर्नवरून माहीत होती. सवयीनं तिचा हात वर गेला. पण व्हॅन आधीच मंदावली होती. उताराशी येऊन थांबलीसुद्धा. आतल्या चालकाला वाटलं, आपल्यालाच हात केला. त्यानंही हात केला. चष्मेवाला होता, पिकल्या मिशांचा, आणि हसरा.

"ताई," मिस्त्री हळूच म्हणाला, "समोर बघा."

समोरच्या फूटपाथवरून वॉकर येत होता. ठक्. मग एक पाऊल. ठक्. मग दुसरं.

"आई! थांब तिथेच! मी येतेय ना तुला आणायला!"

"तू बाळाला आण. मला काय आणायचंय?"

"अगं, मिस्त्रींनी अजून हो म्हटलं नाहीये!"

"मग म्हणू दे की. मी पोचेपर्यंत म्हणतील."

आईपुढे पलीकडचा सांधा आला. वॉकरचे पाय त्यावरून आले. आई खाली बघायचीही विसरली. अगदी रस्त्याच्या मधोमध दोघी समोरासमोर आल्या. आईनं वॉकरवरचा एक हात सोडला, वाकली, आणि बाळाचं टोपरं नीट केलं.

बाळानं डोळे उघडले.

मिस्त्रीचा चेहरा पडला. त्याचा हात पिशवीतल्या छिन्नीकडे गेला. "उठलं. कुठे लागलं? मागच्या चाकाला?"

"नाही हो, मिस्त्री."

"सांगा ना, ताई. आत्ता फोडतो. मनात ठेवू नका."

"मी उठवलं त्याला," आई म्हणाली. "चार महिने हीच दोघं येतील म्हणून मी वाट बघत बसले. म्हटलं, आज मी आलेय, तर त्यानं बघायला नको?" मग ती मिस्त्रीकडे वळली. काहीतरी मोठं बोलायचं असावं, पण नुसतं म्हणाली, "भाऊ, चहा घेऊन जायचं. माझ्या लेकीकडे. मी करणार आहे."

मिस्त्रीनं छिन्नी पिशवीत परत टाकली आणि उगाचच हाताचं सिमेंट पुसत राहिला.

"आई, चल ना आता," ती म्हणाली. आवाज जरा चिडल्यासारखा निघाला. "भर रस्त्यात उभ्या आहोत आपण."

"रस्त्यात?" आईनं पायांखाली पाहिलं, मग बाळाकडे. "कोण आलंय? ओळखलंस का?"

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. व्हॅनवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढून मागच्याला हातानंच गप्प केलं. आणि इंजिन बंद केलं.