बाजीरावची चढाई

शेवटचे नऊ सेकंद उरले होते आणि बाजीराव हेल्मेटच्या आत ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत होता.

तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कोचने एवढंच सांगितलेलं, की समोरच्याला अडवायचं, बाकी काही शहाणपणा करायचा नाही. मुळात तो आखातातल्या या क्लबच्या बसचा ड्रायव्हर. अमेरिकन फुटबॉलचा क्लबचा हा पहिलाच सीझन. यादी भरेना म्हणून त्याचंही नाव घातलेलं. आज अल थुमामाच्या मैदानावर दोघे जायबंदी झाले आणि एकोणचाळीस वर्षांच्या बाजीरावला खांद्यांना पॅड बांधून उभं करण्यात आलं.

जिंकलो तर फायनल, तीही पाच आठवड्यांनी. हरलो तर सीझन खलास. बाजीरावची सुट्टी सीझन संपल्यावर मिळणार होती. तीन वर्षं तो गावी, बायको बबीता आणि पोरीकडे, गेला नव्हता. बबीता आता फोनवर ‘कधी येताय?’ असं विचारायचीच नाही आणि ते त्याला जास्त लागायचं. तरी खोटं कशाला बोला, या घटकेला त्याला जिंकायचंच होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी अंगाला झोंबलं होतं. बरं वाटत होतं.

शिट्टी झाली. कॅप्टन जैदच्या हातून चेंडू निसटला आणि उडून थेट बाजीरावच्या पोटावर आला. तो कवटाळून बाजीराव घुसलाच. एकाला झटकलं, दुसऱ्याला खांदा दिला. पुढे वीसेक पावलं मोकळं मैदान, चिटपाखरू नाही; टोकाची रेषा ओलांडली की सामना जिंकला. “यल्ला! यल्ला! पळ!” बाकावरची मंडळी नाचायला लागली.

तेवढ्यात मागून तिसऱ्याने कंबर धरली, आणि बाजीराव गर्रकन वळला. कंबरेला लटकलेल्या त्या धटिंगणाला ओढत, गुडघे घासत, जिथून खेळ सुरू झाला होता त्या रेषेकडे तो निघाला. आणखी दोघे अंगावर पडले. चेंडू छातीशी दाबून त्याने दुसरा हात लांबवला, रेषेवर आपटला, दम सोडला आणि पाचही बोटं वर केली. पाच गडी बाद!

पंचाने सामना संपल्याची शिट्टी दिली. सीझन खलास. कोच टोपी काढून तिच्याकडे बघत राहिला.

जैद धावत आला. मूळचा खेडचा, वाढला इथे, फरीज बिन ओमरान वस्तीत. रागातही त्याची बोली अदबीची.

“बाजीरावभाऊ, समोर कोणीच नव्हतं! सुट्टीसाठी केलंत का? खरं सांगा.”

“पोरीची आण, न्हाई.” बाजीराव गवतावर उठून बसला. काय झालं ते त्याला आत्ता कुठे कळत होतं. “सुट्टी डोक्यातबी नव्हती, कॅप्टन.”

“मग परत का फिरलात?”

“आमच्या खेळात तसंच आसतंय. पलीकडं कितीबी गडी मारा. आपल्या अंगणात परत आला न्हाई, तर मानूस बाद.”

 हेल्मेट काढून जैद त्याच्या शेजारी गवतावर बसला.

“अब्बांना चौतीस वर्षं झाली इथे,” तो म्हणाला. “दर ईदला म्हणतात, पुढची खेडला, इन्शाल्ला.” मग त्याने बाजीरावच्या दंडाला धरलं. “उठा. सुट्टीचा अर्ज आजच देऊ.”