बंगलोरचे महत्त्व

लालबागेतले पुष्पप्रदर्शन पाहायला १९५८ साली एक परदेशी राजदूत बंगलोरला आले, तेव्हा तरुण शांतिमंडळाचा चिटणीस विद्याधर अण्वस्त्रबंदीचे निवेदन घेऊन त्यांना भेटला. एका बॉम्बने हे सारे शहर कसे बेचिराख होईल, हे त्याने शास्त्रीय आधाराने समजावून दिले.

“निश्चिंत असा,” राजदूत हसले. “एवढ्याशा गावावर कोण बॉम्ब वाया घालवणार?”

“एवढंसं?” सोबत आलेला चिकपेटचा खंडोजी उसळला. “अण्णा, स्वल्प सांगा की यांना!”

विद्याधरलाही ते झोंबलेच होते. विमानांचा कारखाना, टेलिफोनचा कारखाना, विज्ञानसंस्था, लष्करी छावणी कोणत्या दिशेला आणि किती मैलांवर आहे, हे त्याने अभिमानाने सांगितले.



राजदूतांनी हसू आवरून पेनाचे टोपण काढले. “पुन्हा सांगता? जरा सावकाश.”