बिनमेणाची जमीन

गिल्डो बूट घालूनच बैठकीच्या खोलीत शिरला आणि देल्मिराने त्याला अडवलं नाही. उलट तोच दारात अडखळला होता. लहानपणापासून या काकूच्या धाकात वाढलेला पुतण्या तो; दाराशी पडलेल्या लोकरी तुकड्यांकडे त्याचा पाय आपोआप वळला होता.

"ते राहू दे," देल्मिरा म्हणाली. "आता त्यांचं काम संपलं."

त्या खोलीत आजवर कुणी चाललंच नव्हतं, सगळे सरकले होते. जुन्या लाकडी जमिनीला देल्मिरा दर शनिवारी गुडघ्यांवर बसून मेण चोळायची. आत यायचं तर जाड लोकरी तुकड्यांवर एकेक पाय ठेवून सरकत यायचं. पाद्रीबाबा आले तरी सरकत, मुलीला मागणी घालायला आलेली माणसंही सरकत. उरुग्वे नदीच्या काठी अशी घरं आणखीही होती, पण देल्मिराइतकी कडक बाई दुसरी नव्हती.

सरकला नाही तो एकटा एलादिओ, तिचा नवरा. मांसाच्या कारखान्यात त्याचा पाय यंत्रात सापडला, तेव्हापासून तो पाय ओढत चालायचा. त्या पायात जड बूट, टाचेला लोखंडी पट्टी. बूट काढला तर त्याला धड उभं राहता येत नसे, आणि घातला तर खालचा लोकरी तुकडा निसटे. एकदा तो आपटला, भिंतीला धरून उठला आणि मग त्याने दाराबाहेर बोळात एक खुर्ची मांडली. टीव्हीवरचा फुटबॉल त्याने तिथून पाहिला, मुलीचा साखरपुडाही तिथूनच. केक त्याला उंबऱ्यावरून मिळायचा. त्याने कधी कुरकुर केली नाही, आणि देल्मिराचं फावलं.

गेल्या आठवड्यात, तो आजारी पडून इस्पितळात असताना, ती त्याला सांगत होती, की घरी आलास की खिडकीपाशी उन्हात बस, नदी दिसते तिथून.

"माझी खुर्ची आहे ना दाराशी," तो म्हणाला. "तुझी जमीन कशाला खराब करायची?"

तो चिडून बोलला असता तर तिने चार शब्द सुनावले असते. पण तो समजुतीने बोलला आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. येताना ती थेट दुकानात गेली. मेण लागणार नाही आणि बूट चालतील अशी जमीन द्या, म्हणाली.

खोकी घरी आली, पण जमीन बसवून देणारा गिल्डो कामाला हात घालीना. वर खऱ्या ओकचा पातळ थर, खाली प्लाय, अशा त्या फळ्या. खोलीची हवा अंगी मुरेपर्यंत त्यांना दोन दिवस आडवं पडू द्यायचं, नाहीतर पुढे फुगतात, असं त्याने बजावलं. देल्मिरा खोक्यांभोवती घिरट्या घालत राहिली. एलादिओला गुरुवारी सोडणार होते.

आज बुधवार. जुनी जमीन न उखडता गिल्डोने तिच्यावरच फोम अंथरला. भिंतीशी बोटभर फट सोडून पाचरी ठोकल्या आणि फळीला फळी जोडत तो दाराकडे सरकू लागला. खाचेत कड घालायची, रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं, की फळी बसली. आता काकांना आत नाचतासुद्धा येईल, असं तो चिडवत होता. देल्मिराने त्याला माते चहा भरून दिला आणि विचारलं, टाचेच्या लोखंडाने ओरखडे पडतील का.

"पडतील की, काकू."

"पडू देत," ती म्हणाली.

दुपार कलली तेव्हा दाराजवळची शेवटची ओळ तेवढी उरली होती. तिथे अख्खी फळी मावत नव्हती, उभी चिरावी लागणार होती. गिल्डो माप घेत असताना फोन वाजला. इस्पितळातून मुलगी बोलत होती, ओफेलिया. देल्मिराने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बूट घाल त्याला," ती शेवटी म्हणाली. "पलंगाखाली आहेत बघ. दोन्ही घाल." आणि तिने फोन ठेवला.

"आजच सोडतायत काकांना?" गिल्डोने करवत उचलली. "मग पटकन उरकतो."

"सावकाश कर," देल्मिरा म्हणाली. "आता घाई नाही."

गिल्डोने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि करवत खाली ठेवली. तो उठून जवळ आला, तिने त्याला मिठी मारू दिली, मग हळूच बाजूला सारलं. ओळ पुरी कर, म्हणाली. तो इथेच येणार आहे. गिल्डो बाहीने डोळे पुसत फळी चिरत होता. एक फळी वाया गेली, दुसरी नीट बसली. देल्मिराने बोळातली खुर्ची उचलून आत आणली आणि खिडकीपाशी ठेवली. मग खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून ती मोठ्याने रडली.

ठरल्याप्रमाणे एलादिओ गुरुवारी घरी आला. त्या गावात माणसाला अजून शेवटची रात्र घरीच ठेवतात. कारखान्यातल्या सोबत्यांनी शवपेटी खांद्यावरून आणली, बोळ ओलांडला, आणि बैठकीच्या दाराशी ते सगळे थांबले. सगळ्यांच्या माना खाली. पुढचा म्हातारा सिस्तो, खांद्यावर एवढं ओझं घेऊन, पायाने उंबऱ्याशी ते लोकरी तुकडे चाचपत होता.

देल्मिरा खिडकीजवळ उभी होती.

"या आत," ती म्हणाली. "बूट राहू देत. त्याच्याही पायात आहेत."