चालू इंजिनाचे तीन महिने

"किल्लीला हात लावू नका, काका. चालूच राहू दे."

निहारशेठ खिडकीशी उभा राहून बोलला आणि भाऊरावांचा हात किल्लीवरच थबकला. या घरच्या एकोणीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उलट निहारचे वडील, थोरले शेठ, डिझेल वाया घालवणाऱ्यांना गोदामापुढच्या याच रांगेत सगळ्यांदेखत झापायचे.

भानगड अशी होती. उभ्या ट्रकांची इंजिनं उगाच धडधडत राहू नयेत म्हणून सरकारने अनुदान काढलं होतं. गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद करणारं यंत्र आणि केबिनमध्ये बॅटरीवरचा पंखा, दोन्ही सरकारी खर्चाने. अट एकच. ही गाडी रोज दोन तास तरी उभ्याउभ्या इंजिन चालू ठेवते, हे तीन महिन्यांच्या नोंदीवरून दिसायला हवं. निहारच्या आठ ट्रकांपैकी सात या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाले. भाऊरावांचा नापास. त्याची नोंद रोजची चार मिनिटं.

"म्हणजे नीट वागलो हाच माझा गुन्हा काय रे?" लहानपणापासून पाहिलेल्या शेठला भाऊराव कधीकधी असं एकेरीत बोलत.

"काका, औषध कंपनीला आता यंत्रवालेच ट्रक हवेत. हा अटीत बसला नाही, तर मला विकावा लागेल. मग तुम्हाला काय देऊ चालवायला? तीनच महिने, यार. कोणाचं काय जातंय?"

निहार वाईट माणूस नव्हता. असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. भाऊराव अठ्ठावन्न वर्षांचे, स्टिअरिंगशिवाय दुसरं काही येत नाही. त्यांनी मान डोलावली. पण कोणाचं काय जातंय, ते त्यांना त्याच क्षणी ठाऊक होतं.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या गोदामात औषधांची खोकी सगळ्यात शेवटी भरली जात. त्यामुळे भाऊरावांचा ट्रक सात ते साडेनऊ भिंतीलगत, ठरल्या जागी उभा असे. त्याच्या मागच्या चाकापाशी सुगंधाबाईंचं चहा-पोह्यांचं टेबल. बाईंना दमा होता. बाकीचे ट्रक भकाभका धूर सोडायचे, म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्या फाटकाजवळची धंद्याची जागा सोडून इथे, भाऊरावांच्या बंद इंजिनामागे, येऊन बसल्या होत्या. "गिऱ्हाईक काय, चार पावलं चालत येतंय. हवा कुठून चालत येणार?" असं त्या हसून सांगत. सकाळचा पहिला चहा भाऊरावांचा, त्यात आलं जरा जास्त.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ट्रक येऊन थांबला आणि इंजिन बंद झालं नाही. सुगंधाबाईंनी एकदा वर पाहिलं. टेबल दोन हात पुढे ओढलं, नाकाला पदर लावला आणि चहा आणून दिला.

"घ्या भाऊ, गरम आहे."

भाऊरावांच्या अगदी जिभेवर आलं होतं की बाई, तीन महिने तेवढं कोपऱ्यावर बँकेपाशी बसा. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. धूर बंद करायचं यंत्र मिळावं म्हणून मी धूर सोडतोय, हे कुठल्या तोंडाने सांगणार? बाई विचारतील तेव्हा सांगू, असं त्यांनी ठरवून टाकलं.

बाईंनी विचारलंच नाही. आठवडा गेला, महिना गेला. भाऊरावांना वाटायला लागलं, रागावल्यात. तेही नजर चुकवून चहा पिऊ लागले. बाईंचा खोकला वाढत चालला होता. एकदा तर त्या भिंतीला धरून खाली बसल्या. तेव्हा भाऊरावांचा हात किल्लीपर्यंत गेला. तीस दिवस उरले होते. हात परत आला. त्या हाताची त्यांना पुढे कायम किळस वाटत राहिली.

तीन महिने भरले. ट्रक पास झाला, यंत्र बसलं. आठवड्याभराने तपासणीला ऋता मॅडम म्हणून सरकारी अधिकारी आल्या. त्यांनी आकडे पाहिले आणि खूश झाल्या. अडीच तासांवरून थेट शून्यावर, सगळ्यात मोठी सुधारणा भाऊरावांच्या ट्रकची! त्यांना हार घातला, ट्रकपुढे उभं करून फोटो काढला. "या वयात जुनी सवय मोडलीत, आजोबा. बाकीच्यांनी शिकण्यासारखं आहे," मॅडम म्हणाल्या. निहारने मान खाली घातली, पण टाळ्या त्यानेही वाजवल्या.

भाऊराव भिंतीकडे बघत होते. टेबल तिथेच होतं, पण दहा दिवस बाई आल्या नव्हत्या. आज त्यांची सून मनाली टेबल न्यायला आली होती. हार काढून ते तिच्याकडे गेले.

"कशा आहेत बाई?"

"हॉस्पिटलमध्ये आहेत. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात, घरी सोडलं तरी नळी राहणार. धंदा विसरा."

भाऊराव म्हणाले, "एकदा तरी म्हणायचं होतं गं त्यांनी मला, की बंद करा म्हणून."

"मी रोज सांगत होते त्यांना, काका. जागा बदला, नाहीतर भाऊंना बोला. ऐकेचनात." मनालीने टेबलाचे पाय मिटले. "म्हणाल्या, भाऊ मुद्दाम इंजिन चालू ठेवणारा माणूस नाही. गाडीच बिघडली असणार बिचाऱ्याची, विचारून त्याला कशाला ओशाळं करू?"